नूर सिनेमातला पट्टीवाला

कैरोच्या उत्तरेला आमचं गाव तांता. तिथल्या नूर सिनेमात तुलबा पट्टी फिरवायचा, असं सांगितलं की आताची पोरं तोंडाकडे बघत राहतात. पट्टी म्हणजे काय, म्हणे. अरे बाबांनो, तेव्हा इंग्रजी सिनेमे यायचे ते नुसते इंग्रजीच बोलायचे, आणि आमच्या गावात इंग्रजी कळणारे किती, तर स्टेशनमास्तर आणि दोन-चार डॉक्टर. म्हणून मोठ्या पडद्याच्या अंगाला एक अरुंद पडदा टांगलेला असे आणि त्यावर अरबी अक्षरं उमटत. ती अक्षरं एका लांबलचक पट्टीवर लिहिलेली असायची आणि पट्टी पुढं सरकवायला हातानं दांडी फिरवणारा एक माणूस लागायचा. सिनेमातला माणूस बोलला की ओळ पुढं घ्यायची. एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं, पण डोळा लवू न देता रोज दोन-दोन खेळ करायचे म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

आणि तुलबाचा जीव मेटाकुटीला आलेलाच होता. मोठी लढाई संपून सहा वर्षं झाली तरी महागाई संपायचं नाव घेत नव्हती. साखर कार्डावर, रॉकेलला रांग, मटण सणासुदीपुरतं, आणि झग्याचं कापड घ्यायला गेलं तर दुकानदार भाव सांगण्याआधी सुस्कारा सोडायचा. कोरियात लढाई जुंपली आणि आमचा कापूस सोन्याच्या भावानं गेला, असं पेपरात मोठ्या अक्षरांत आलं होतं. व्यापाऱ्यांच्या दारात मोटारी उभ्या राहिल्या. सरकी काढणाऱ्या गिरणीत राबणाऱ्याच्या हातावर मात्र पूर्वीइतकीच किर्शची चिल्लर पडायची. पट्टीच्या पगारात भागेना म्हणून तुलबा पहाटेपासून दुपारपर्यंत त्या गिरणीत जायचा. तिथून निघायचा तेव्हा भुवयांवर, मिशांवर कापूस चिकटलेला, आणि खोकून खोकून बरगड्या दुखत असायच्या. धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याला बजावलं होतं की गिरणी सोड, नाहीतर छातीचं खोकं होईल. सोड म्हणायला डॉक्टरचं काय जातं?

व्हायचं तेच झालं. एक्कावन्नच्या हिवाळ्यात, शनिवारच्या भरगच्च खेळाला, तुलबाला पट्टीपाशीच डोळा लागला. नायिका नायकाला म्हणाली होती, "तुझ्यावाचून मी जगणार नाही." ती ओळ पडद्यावर तशीच राहिली आणि सिनेमा गेला पुढं. पुढं फौजदार एका दाढीवाल्या दरोडेखोराला दरडावत होता. आता आमच्या थर्ड क्लासची पद्धत अशी, की ज्याला वाचता येतं तो शेजारच्या चार जणांसाठी मोठ्यानं वाचणार. पंधरा-वीस जणांनी एका सुरात वाचलं, "तुझ्यावाचून मी जगणार नाही." फौजदाराच्या तोंडी हे वाक्य पडल्यावर जो काही हलकल्लोळ झाला! भोपळ्याच्या बियांच्या सालींचा पाऊस पडला, कुणी फौजदाराला मुका दिला, आणि तुलबा दचकून उठला तो घाईघाईनं इतक्या ओळी पुढं गेला की फौजदाराचा घोडाच बोलायला लागला.

महिन्याभरात हे दुसऱ्यांदा झालं तेव्हा मालकानं त्याला खोलीत बोलावलं. मालक म्हणजे खवागा स्तावरो, ग्रीक माणूस; परक्या मुलखातल्या साहेबाला आमच्याकडं खवागा म्हणतात. तांत्यात त्याची उभी हयात गेली, पण अरबीत बाई कुठली आणि बुवा कुठला हे त्याला कधी जमलं नाही.

"तुलबा, तू पुन्हा झोपली," खवागा म्हणाला. "मी काय करू तुझा? सांग."

तुलबानं गिरणीचं सगळं सांगून टाकलं. छातीचंही सांगितलं. खवागा जरा वेळ माळेचे मणी ओढत बसला. माणूस वाईट नव्हता, चिक्कू होता. शेवटी त्यानं तोडगा काढला. वसंताच्या सणापर्यंत एकही चूक झाली नाही, तर दुपारचा खेळही तुलबाकडं आणि पगार असा, की गिरणीचं तोंड बघायला नको. आणि एक जरी चूक झाली, तर दुसरा माणूस तयारच आहे. तुलबा मान डोलावून बाहेर पडला. वसंताचा सण म्हणजे एप्रिल. तोवर गिरणी आणि पट्टी दोन्ही ओढायचं आणि झोपायचं नाही. त्याला रडूच यायला लागलं.

घरी नबविया मसूर निवडत बसली होती. तुलबाची बायको. पोटी मूल नाही, पण शेजारणी तिला आदरानं उम्म फतही, म्हणजे फतहीची आई, म्हणत, कारण फतही नावाचा मुलगा झाला होता आणि चाळिसाव्या दिवशी गेला होता. तिनं नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मसूर बाजूला ठेवला.

"मी येते," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुमच्या त्या पट्टीच्या पेटाऱ्यात. तुम्ही डुलकी घेतलीत की टोचीन."

तुलबानं तिला वेड्यात काढलं. सिनेमाला काय बायका येत नाहीत असं नव्हतं, पण नबवियानं जन्मात थिएटरचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि ओलांडणाऱ्या बायकांविषयी तिची मतं सगळ्या गल्लीला पाठ होती. पण तिनं काळी चादर लपेटली, दोन सेफ्टी पिना पदराला लावल्या आणि त्याच्या आधी दारात जाऊन उभी राहिली. मागच्या दारानं तिला आत घेतलं. पट्टीची जागा म्हणजे पडद्याच्या कडेला लाकडी फळ्यांचा एक खोका, पुढं फडकं लावलेलं. तिथून मोठा पडदा तिरका दिसे आणि त्यावरची माणसं उसासारखी लांबुळकी. नबविया एका तेलाच्या डब्यावर बसली. पहिल्या दिवशी नायक-नायिका जवळ आले तेव्हा तिनं चादरीनं डोळे झाकले. तिसऱ्या दिवशी फक्त एक डोळा झाकला.

पिना मात्र तिनं इमानेइतबारे वापरल्या. पंधरवड्यात तुलबाची मांडी चाळणी झाली. चूक एकही नाही. पण एका संध्याकाळी तो फिरवता फिरवता असा काही कलंडला, की नबवियानं पिन उचलली आणि तिचा हात तसाच राहिला. त्याचं तोंड उघडं होतं, पापण्यांवर कापूस होता. टोचायचं तिच्या जिवावर आलं. तिनं त्याच्या बोटांतून दांडी सोडवून घेतली आणि स्वतः फिरवायला लागली.

नबवियाला अक्षर येत नव्हतं, आपल्या भाषेतलंही नाही. पण तोंड कुणाचं हललं, कुणाचं मिटलं, हे तिला दिसत होतं. शिवाय एक सिनेमा आठवडाभर चालायचा. तुलबा खेळ संपता संपता जागा झाला तेव्हा त्यानं फडक्याच्या फटीतून आधी थर्ड क्लासकडं बघितलं.

"कुणाला कळलं?" त्यानं विचारलं.

"काय कळायचंय? गप्प पडा. अजून लग्न राहिलंय."

त्यानंतर तसाच रिवाज पडला. नवा सिनेमा आला की पहिला दिवस तुलबा फिरवायचा आणि ती बघायची. बाकीचे दिवस ती फिरवायची आणि तो झोपायचा. बातमीपटात कोरिया यायचा, कालव्याकाठी तळ ठोकून बसलेले इंग्रज यायचे, राजेसाहेब कशाची तरी फीत कापायचे. तुलबाला त्यातलं काहीच ठाऊक नसायचं. गिरणीत कुणी विचारलं की काय नवीन, तर तो म्हणायचा, ठीक आहे. पोरीबाळींचं कसं असतं तसं त्याच्या गालांवर जरा रक्त दिसायला लागलं. खवागा वाटेत भेटला की पाठ थोपटायचा. "शाब्बास, तुलबा. तू शहाणी झाली."

जानेवारीत इंग्रजांवरच्या संतापानं कैरो पेटलं. दुपारी रेडिओवर संगीत बंद झालं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तिथली मोठमोठी थिएटरं जळून खाक झाली. संचारबंदी आली. खवागानं नूर सिनेमाला कुलूप ठोकलं आणि पोस्टरं रातोरात काढून टाकली. हे बंद दिवस तुलबाच्या खिशाला जड गेले. मसूरही मोजून शिजायला लागला. नबविया घरात नुसती अस्वस्थ. कधी भांडी घासताना थांबायची आणि भिंतीकडं बघत बसायची. तुलबाला वाटलं, भाड्याची चिंता करतेय.

मार्चमध्ये कुलूप उघडलं. दोन पंतप्रधान बदलून झाले होते, साखर आणखी चढली होती, पण थर्ड क्लास पहिल्यासारखाच भरला. सणाला दोन आठवडे उरले. मग एक. तुलबा गिरणीत मुकादमाला सांगूनही बसला की यापुढं माझा भरवसा धरू नकोस. किती तरी वर्षांनी त्याला हसू येत होतं.

त्या आठवड्यात एका घरंदाज पोरीचा सिनेमा होता. ती घोडे सांभाळणाऱ्याबरोबर पळून जाते आणि शेवटी बाप तिला पदरात घेतो. खेळ चालू असतानाच खवागा फडकं बाजूला सारून आत आला. तुलबा फळीला टेकून घोरत होता आणि दांडी नबवियाच्या हातात होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, पण हात थांबवला नाही.

"थांब जरा, खवागा. तिचं बोलणं होऊ दे."

तिचं बोलणं होईतो खवागा उभा राहिला. मग त्यानं तुलबाला हलवलं. तुलबानं डोळे उघडले आणि आधी दांडी चाचपली. पण खवागा रागावला नव्हता. रागावला असता तर बरं, असं तुलबाला पुढं वाटलं. खवागानं कपाळाचा घाम पुसला आणि सांगितलं, की कैरोच्या आगीत फिल्म पुरवणाऱ्यांचा जुना माल जळाला. आता नव्या प्रती येणार, त्यांत अक्षरं चित्रातच छापलेली. पुढच्या सोमवारपासून पट्टी नको, हा खोका नको.

"तू चूक नाही केली," तो म्हणाला. "कोण फिरवली ते मला नाही विचारायचा. पण आता फिरवायला काही राहिलाच नाही."

तुलबानं हातापाया पडून बघितलं. दारावर ठेव, झाडायला ठेव. खवागाकडं दारावरही माणूस होता आणि झाडायलाही. तो आठवडा तुलबानं गिरणीत आणि घरी नुसता कण्हत काढला. मुकादमासमोर पुन्हा हात जोडायला लागले ते वेगळंच. रात्रंदिवस एकच रट, की माझं नशीबच फुटकं, माझा घास तोंडातून गेला. नबविया त्याच्या पाठीला तेल चोळायची.

रविवारचा शेवटचा खेळ. तुलबाच्या मनात काय आलं कोण जाणे, तो म्हणाला, "उम्म फतही, आज तू समोर जाऊन बैस. चार लोकांसारखं सरळ बघ. मी फिरवतो." ती नको नको म्हणत गेली आणि बायकांच्या बाकावर टोकाला बसली. तुलबानं एकट्यानं पट्टी फिरवली. झोप कसली ती आलीच नाही. एकही ओळ चुकली नाही, आणि त्याला उगाच बरं वाटलं, की अजून जमतंय.

दिवे लागले. नबविया परत आली, पट्टीच्या गुंडाळीवर हात ठेवून उभी राहिली.

"कसं दिसलं?" त्यानं विचारलं.

"सरळ दिसलं सगळं. माणसं चांगली भरलेली आहेत की." ती गुंडाळी सारखी करायला लागली. "पण तो बाप पोरीला ये म्हणतो ना, तिथं तुम्ही लगेच पुढं गेलात."

"मग? पुढची ओळ होती."

"होती. पण मी तिथं रोज थांबायचे. म्हाताऱ्याची ओळ तशीच ठेवायचे जरा वेळ, मग पुढच्या दोन ओळी भरभर घ्यायचे. थर्ड क्लासमध्ये वाचणारे पुन्हा पुन्हा तेच वाचायचे, ये पोरी, ये. बायका डोळे पुसायच्या. त्यांचं पुसून झालं की मी फिरवायचे." तिनं पट्टीवरची धूळ पदरानं पुसली. "आज कुणी रडलं नाही."

तुलबानं दांडीवरचा हात काढला. आठवडाभर तो माझं काम गेलं, माझं काम गेलं म्हणून ऊर बडवत होता. काम तिचं गेलं होतं. त्याला इतकी लाज वाटली की तिला घरी चल म्हणायलाही तोंड उघडेना.