खालच्या गाळ्यातली खुर्ची
मारुंजीत आमची इमारत आहे. पहिल्या मजल्यावर आम्ही, वर भाड्याच्या खोल्या आणि खाली रस्त्याला लागून दोन गाळे. त्यातल्या एकात दातांचा दवाखाना. म्हणजे दातांची डॉक्टरीण माझी भाडेकरू, आणि दात माझेच किडलेले. हसा, हसा. आता मीही हसते, पण तोंडावर पदर धरून.

डॉक्टरीण बावधनची, तरुण पोर, दोन वर्षांपूर्वी गाळा घेतलेली. महिन्याचं भाडं द्यायला जिना चढून यायची आणि दर वेळी एकच टुमणं लावायची. "काकू, सहा महिन्यांतून एकदा दाखवून जात जा. तपासायचे पैसे तुमच्याकडून घेणार नाही."

"मला काय धाड भरलीय? लोखंडाचं हायेत माझं दात," मी म्हणायचे.

खरं कारण वेगळंच होतं. मी मिश्री लावायचे. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या आळीतल्या सगळ्याच बायका लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करून डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं दातांवर घासायची. त्याशिवाय चहा गोड लागत नसे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून मला शपथ घ्यायला लावली. आठ दिवस सोडलीही. मग डबी पुन्हा निघाली, ती तांदळाच्या पिंपात लपवायला लागले. दातांचा काळेपणा जुनाच म्हणून घरात खपून जायचा. पण डॉक्टरणीला कोण फसवणार? तिची न् माझ्या पोरीची गट्टी. तोंड उघडलं की शपथ उघडी पडणार, म्हणून जायचंच नाही.

मग दाढ ठणकायला लागली. मिश्री दाबली की तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, म्हणून दिवसातून चारदा लावायला लागले. जितकी लावावी तितकं आतून सडत जायचं, हे कळत होतं, पण सुटका कुठं होती! पोरगी ऑफिसला गेली की दारं-खिडक्या लावून, भिंतीतला पंखा सुरू करून भाजायला बसायचे. स्वतःच्याच घरात चोरासारखी. लई चीड यायची, स्वतःची आणि उगाचच त्या डॉक्टरणीचीही. भाकरी दुधात कुस्करून खायचे आणि पोरीला पित्ताचं कारण सांगायचे.

शेवटी गाल असा सुजला की डोळा झाकला. पोरीनं दंडाला धरून खाली नेलं. खुर्ची मागं झुकली, दिवा तोंडावर आला, एका बाजूला डॉक्टरीण, दुसऱ्या बाजूला पोरगी. पळायला जागाच नव्हती.

डॉक्टरीण बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आधी सूज उतरवू. पण दोन दाढा काढाव्या लागतील. तिसरी रूट कॅनल करून वाचेल, वर कॅप बसवावी लागेल. दोन वर्षांपूर्वी आला असता तर नुसतं सिमेंट भरून भागलं असतं."

खर्च ऐकला. माझ्या तीन खोल्यांचं महिन्याचं भाडं गेलं. पण त्याहून वाईट म्हणजे पोरगी माझ्याकडे बघत होती.

"आई, मिश्री सुरूच आहे ना?"

मला रडूच फुटलं. "तुझी शपथ मोडली गं मी. तुला काय झालं असतं म्हंजे?"

"मला काही झालं नाही. झालं ते तुलाच," ती म्हणाली.

मी डॉक्टरणीवर डोळे वटारले. "तूच सांगितलंस व्हय हिला?"

"नाही काकू. पण मला माहीत होतं. तुमच्या पंख्याचं तोंड मागच्या डक्टच्या पोकळीत आहे, माझी मागची खिडकीही तिथंच उघडते. तुम्ही भाजायला घेतली की माझे पेशंट ठसकायचे."

"दोन वर्षं? मग बोलली का न्हाईस?"

तिनं हातमोजे काढले. "तुम्हाला राग आला असता आणि गाळा खाली करायला सांगितला असता तर? ही एवढी खुर्ची घेऊन मी कुठं गेले असते?"

"छे गं, आई तशी नाहीये," पोरगी म्हणाली.

मी गालावर हात दाबून धरला. दोघींना वाटलं, गाल दुखतोय. पण मला माझा स्वभाव ठाऊक आहे. गाळा मी खाली करायला लावलाच असता, अगदी त्याच दिवशी.