भाऊजींच्या पोटातली बी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देतात. ताई कापड कापते, मी मशीनवर कव्हरं शिवते आणि भाऊजी खिळे ठोकता ठोकता बढाया मारतात. बढायांचा मुख्य विषय त्यांचं स्वतःचं तोंड. त्यांच्या धंद्यातले जुने कारागीर बारीक खिळे गालात धरतात. जिभेने एक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं ते त्याला टेकवायचं आणि ठाक! दुसरा हात कापड ताणायला मोकळा. भाऊजी हे इतक्या झपाट्याने करतात की गिऱ्हाइकं खुर्ची सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. ताई लग्न झाल्यापासून कानीकपाळी ओरडतेय, "अहो, वाटीत ठेवा ते खिळे." भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "आजवर एक तरी गिळलाय का?"

बरं, डाव्या गालात खिळे, तर उजवा तरी रिकामा ठेवावा की नाही? चेरीच्या दिवसांत तिथे चेरीची बी मुक्कामाला असते. गर कधीच संपलेला, तरी बी चघळणं चालूच. माणसाने तोंडाचं गोदाम करावं ते किती!

त्या दुपारी शाळेतल्या एका बाईंची आरामखुर्ची उसवली होती. बाई स्वतः समोर उभ्या राहून देखरेख करत होत्या. खुर्चीतून भसकन धूळ उठली आणि भाऊजींना शिंक आली. शिंकले असते तर बाईंची चाळण झाली असती. म्हणून त्यांनी शिंक दाबली आणि गटकन आवाज आला.

भाऊजी डोळे वटारून तसेच बसून राहिले. मग त्यांनी खिळे तळहातावर काढले. उजव्या गालातली बी मात्र गायब.

"बी गेली," ते म्हणाले, जणू बस चुकली.

लगेच सल्ल्यांचा बाजार भरला. बाई म्हणाल्या, घशात बोटं घाला. शेजारचा किल्लीवाला धावत आला आणि म्हणाला, केळी खा, घसरून जाईल. पोटात झाड उगवलं तर फळांवर पहिला हक्क शेजाऱ्याचा, हेही त्याने सांगून ठेवलं. मी मशीन थांबवून विचारलं, "भाऊजी, श्वास नीट येतोय? घशात टोचतंय? दुखतंय कुठे?"

"काही नाही गं."

"मग गप पाणी प्या. बी आपल्या वाटेने जाईल. ओकायबिकायचं नाही, वर येताना अडकली तर नसता ताप."

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ताई हातात कात्री घेऊन पुढे आली. "तोंडात खिळे किती होते?"

"चिमूटभर."

"आणि आता हातावर?"

"चिमूटभरच."

"मग बीबरोबर एखादा गेला असेल तर?"

भाऊजी तळहातावरचे खिळे मोजायला लागले. ताईने कात्री टाकली, हातोडी उचलली आणि चुंबकाचं टोक त्यांच्या पोटावरून फिरवायला लागली. बेंबीच्या खाली हातोडी ठक्कन चिकटली. ताई किंचाळली. बाई घाबरून मटकन बसल्या, त्या नेमक्या उसवलेल्या खुर्चीच्या स्प्रिंगांवर. हातोडी चिकटली होती ती पट्ट्याच्या बकलाला! मी हसून हसून लोळायच्या बेतात होते, पण ताई बकल बाजूला करून पुन्हा हातोडी फिरवायला लागली आणि माझं हसू तिथेच विरलं.

"बीसाठी कुणी दवाखान्यात जातं का?" भाऊजी कुरकुरत होते. ताईने दुकानाचं शटर ओढलं, त्यांना दंडाला धरलं आणि नेलंच. मीही मागोमाग निघाले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. "नुसती बी असती तर घरीच पाठवलं असतं. नेहमीसारखं जेवा, पाणी प्या, जुलाबाचं औषध घेऊ नका. पोट दुखलं, उलट्या झाल्या, रक्त दिसलं तर मात्र तडक या. पण खिळ्याचा काही भरवसा नाही. पोटाचा एक्स-रे फोटो काढू."

 फोटो येईपर्यंत भाऊजी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे टक लावून बसले होते. ताई त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरून होती. मलाही मनातून फार भीती वाटत होती.

फोटो स्वच्छ निघाला. बी त्यात दिसत नाही, पण खिळा असता तर लख्ख दिसला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भाऊजींची छाती लगेच फुगली. "मी सांगत नव्हतो?"

बी पुढे निमूटपणे बाहेर पडली. कुणी विचारलं नसताना भाऊजींनी ही बातमी ऐन चहाच्या वेळी जाहीर केली.

त्यानंतर बाईंची खुर्ची पुन्हा हातात घेतली. चिमूटभर खिळे उचलले, ओठांपर्यंत नेले आणि हात थांबला. पुन्हा नेला, पुन्हा थांबला. शेवटी त्यांनी खिळे वाटीत ओतले आणि एकेक वेचून ठोकायला लागले. कापड सैल पडत होतं, काम गोगलगायीसारखं चाललं होतं. मला वाटलं, ताई आता जिंकल्याचा झेंडा फडकवणार. पण ती जवळ जाऊन बसली आणि तिने कापड ताणून धरलं.

"म्हातारा झालो गं मी," भाऊजी मान खाली घालून म्हणाले.

"व्हा की. मला म्हातारा नवरा चालेल. मेलेला नको."