मुसळ का धुतलं?

"राहू दे वं माय. तू नोको हात लाऊ त्याले."

मुसळ माझ्या हातातच होतं. आमच्या विभागप्रमुखांच्या मळ्यात, नशिराबादजवळ, कॉलेजच्या स्टाफची भरीत पार्टी. भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडाच्या लांबट उखळात, कुटायची, बायांनी आळीपाळीनं. माझी पाळी आली. सरांच्या आई शेजारी बसलेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव. साक्रीकडची म्हटलं, तरी समाधान होईना. मग मीच सांगितलं, "आम्ही बौद्ध."

"राहू दे" म्हणत अक्कांनी मुसळ काढून घेतलं. गड्याकडे दिलं, धुवायला. माझ्याआधी तिघींनी कुटलं होतं. तेव्हा नाही धुतलं.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, मुसळ का धुतलं?"

सर हसले. बाकीच्यांकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "शी हॅज अ चिप ऑन हर शोल्डर."

सगळे खो खो हसले. रोज माझ्यासोबत डबा खाणारेसुद्धा.

मला अर्थ कळला नाही. मराठी शाळेतली मी. शेजारच्या मॅडमना विचारलं.

"अगं, म्हणजे जुनं काहीतरी मनात धरून सदा भांडायला टपलेली. सोड ना. गंमत केली."

गंमत! अंगाची नुसती आग झाली.

केळीच्या बागेत गेले. मोबाईल काढला. हे बोलणं आलं तरी कुठून? अमेरिकेत म्हणे पूर्वी भांडायला निघालेली पोरं खांद्यावर लाकडाची ढलपी, म्हणजे चिप, ठेवायची. हिंमत असेल तर पाड, म्हणायची. दुसरे सांगतात, जहाजं बांधणारे कामगार उरलेलं लाकूड खांद्यावरून घरी न्यायचे. तो त्यांचा हक्क. मालकांना खुपला. खरं कुठलं, कोण जाणे. मला दोन्ही पटलं.

पुऱ्यांच्या चुलीजवळ बाभूळ फोडलेली होती. एक ढलपी उचलली. खांद्यावर ठेवली. सरांसमोर जाऊन उभी राहिले. मला नोकरीत कायम करायचा कागद यांच्याच सहीसाठी पडून आहे.

"सर, ही चिप. पाडा."

आता कुणी हसेना. सरांनी ताट पुढं ओढलं.

"काय करून राह्यली वं ही?" अक्का म्हणाल्या.

मी बडगीपाशी गेले. तेच धुतलेलं मुसळ उचललं आणि उरलेली वांगी कुटली. म्हटलं, "ज्याला खायचं त्यानं खावं. ज्याला टाकायचं त्यानं टाकावं." मी स्वतः एक घास खाल्ला नाही.

सोमवारी कॉलेजात जाणार आहे. सही करोत, न करोत. सरांच्या केबिनमध्ये जाऊन विचारणार, मुसळ का धुतलं? मंगळवारी परत विचारणार. आणि उत्तर मराठीतच घेणार.