डब्याची खंडेनवमी

"दावल्या, ह्ये दोन डबे एका टेबलावर बसल्यात, मधी वायर जोडलीस, तरी एकमेकाचं त्वांड बघंनात. भावकी हाय का काय रं ह्यांची?"

"भावकीच म्हणा की अण्णा. जुन्याची बोली नव्याला कळंना. नवा म्हणतोय, तू कोण, तुझा पासवर्ड काय?"

"आरं, माझ्या घरात मलाच कोण इचारतंय पासवर्ड?"

मुरिगेप्पा राजनाळ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता आणि तिथनंच टेबलाकडं ओरडत होता. दावलसाब टेबलाखाली उताणा. स्टँडाजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गुळेदगुड्डात कुणाचंबी यंत्र रुसलं की समजूत काढायला दावल्यालाच बोलवायचं. मी शेजारचा विणकर, सुताच्या कांड्या मागायला गेलो आणि तमाशा बघत उंबऱ्यावरच टेकलो.

नवा कॉम्प्युटर मुरिगेप्पाच्या पोरानं बेंगळूरहून धाडला होता. "अप्पा, जुनं भंगारात घाला," असा वर निरोप. पण जुन्याच्या पोटात मुरिगेप्पाच्या बापाचे, यमनप्पाचे, खणाचे नमुने होते. तेर म्हणजे रथ, तुळस, सूर्य, नागमोडी, आणि आता कुणी विणत न्हाई असले कितीतरी. म्हातारा चौकडीच्या कागदावर एक एक घर रंगवून नमुना काढायचा. मुरिगेप्पानं ते सगळं एक एक करून डब्यात उतरवलं, आणि कागद नदीला सोडले. बापाच्या हातचं जाळायचं न्हाई, तुडवायचं न्हाई, रद्दीत घालायचं न्हाई. शिवयोगमंदिराजवळ मलप्रभेत हळद-कुंकू वाहून सोडलं त्यानं. तवा गल्लीतल्या सगळ्यांनी, मीबी, बरं केलंस म्हणलं होतं.

म्हणजे आता जे काय होतं ते त्या डब्यात. आणि डबा तर टक टक करत होता. पेनड्राइव्ह घातला की नाकारायचा. म्हणून दावल्यानं वायरीचा खेळ मांडला होता. जुन्यातलं नव्याला दिसलं पाहिजे, आणि नव्यानं ते ओढून घेतलं पाहिजे.

"जुन्याला कधी पासवर्डच घातला न्हाई तुमी," दावल्या टेबलाखालनं म्हणाला. "कुलूप नसल्यालं घर नव्याला चालत न्हाई. सांगा कायतरी नाव."

"घाल की हिचं. संगव्वा."

आत होळिगेचं पुरण वाटणारी संगव्वा दारात आली. "यव्वा! ह्या घरात माझ्या नावानं कायतरी उघडायला एवढी वर्सं जावी लागली म्हणा."

आणि उघडलं की! नव्याच्या पडद्यावर जुन्याचं सगळं घर दिसाय लागलं. दावल्यानं सगळ्याला एकदमच हात घातला आणि ओढायला लावलं. हिरवी पट्टी गोगलगाईवानी सरकाय लागली.

"हे आता चालू ऱ्हाऊ द्या," दावल्या पँट झाडत म्हणाला. "किती येळ लागंल सांगता येत न्हाई. पण मधी बंद करू नका अण्णा. ह्याचं काळीज गेल्यालं हाय. एकदा निजला तर उठंल असा भरवसा न्हाई."

"बरं बरं," मुरिगेप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सण उद्यावर आलाय हे दावल्याच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या आलं होतं, पण माझ्या ध्यानात येऊन काय, मी बोललो न्हाई.

सकाळी मुरिगेप्पानं माग धुतला, धोट्याला भस्म लावलं, कात्री, फणी, तराजू, सगळं एका ओळीत मांडून झेंडूची फुलं वाहिली. गल्लीभर माग गप. त्या गप्पपणात फक्त ह्याच्या घरातला डबा टक टक करत होता.

"ऱ्हाऊ द्या वो त्याला," संगव्वा म्हणाली. "देवाला कळतंय."

"देवाला कळतंय, आयुधाला कळत न्हाई. माग थांबला, कात्री थांबली, आणि ह्योच तेवढा जहागीरदार व्हय? माझा बाप एका खंडेनवमीला ऑर्डर पुरी कराय बसला, धोटा उडाला आणि डोळा घेऊन गेला. इसरलीस?"

"तवाचा माग येगळा, ह्यो येगळा."

"आयुध ते आयुधच. आणि त्यात बापाचंच काम हाय. त्याच्याच कामाला सणादिवशी जुंपू?"

पट्टी शेवटाला आल्यागत दिसत होती. झालंच असंल, असं त्यानं मनाशी धरलं. डब्याच्या कपाळाला भस्माची तीन बोटं ओढली, फूल ठेवलं, नारळ फोडला, आणि दावल्यानं शिकवल्याप्रमाणं नीट, हळूच बंद केला. म्हाताऱ्याचे डोळे मिटावे तसा.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून आला, संगव्वाला सोनं म्हणून बन्नीची पानं दिली, "घे, बंगारासारखी, सोन्यासारखी ऱ्हा" म्हणाला, आणि मग बटण दाबलं. टक. टक. मग तेबी न्हाई.

दावल्या बन्नी द्यायला आला तर मुरिगेप्पानं त्याला थेट टेबलाशीच नेलं. दावल्यानं डबा उघडला, कान लावला, परत झाकला.

"मी म्हणलो होतो न्हवं अण्णा?"

"म्हणला होतास. पण खंडेनवमी हाय हे तुला ठावं न्हवतं?"

"मला ठावं हाय. माझे पेचकस बी पूजेलाच होते. त्या डब्याला ठावं न्हवतं."

आतली हार्ड डिस्कची तबकडी काढून दावल्या हुबळीला घेऊन गेला. तिथल्या माणसानं ती हातात धरून हलवली, आत खुळखुळ वाजली, आणि परत दिली.

नव्या डब्यात काय आलं होतं ते मग आम्ही तिघांनी बसून बघितलं. अक्षरांच्या रांगेनं ओढलं होतं त्यानं. पोराचे गाड्या पळवायचे खेळ, सगळे. सिनेमाची गाणी. कॉलेजातल्या सहलीचे फोटो, एकाच डोंगराचे ढीगभर. पार तळाला, इंग्रजी अक्षरांच्या शेपटाला, बापाचं नाव होतं. यमनप्पा. मुरिगेप्पानं बोट लावून दाखवलं. दावल्यानं उघडलं. आत काय न्हवतं. नावापुरतं दार तयार झालं होतं, तेवढ्यात जुना डबा बंद केला होता.

"तुळस आठवती का तुमाला?" संगव्वानं इचारलं. "कागदावर काढा की परत."

मुरिगेप्पानं बराच येळ बोटानं मांडीवर घरं मोजल्यागत केलं. "बुडखा आठवतोय," म्हणाला. "वर फांद्या कशा फुटत्यात ते न्हाई."

"आमच्या कुणाकडं असंल," मी म्हणालो. कुणाकडं न्हाई हे मलाबी ठावं होतं; आम्ही सगळे त्याच्याकडनंच घेत होतो, विणून झालं की इसरत होतो. आणि गल्लीतले निम्मे आता पॉवरलूमवर छाप्यागत एकसारखा माल काढत्यात.

दावल्या तबकडी टेबलावर ठेवून उभा ऱ्हायला. "ही टाकू का अण्णा?"

"टाकू नको. नदीला सोडाय लागंल."

संगव्वानं शेंगाचटणी आणि भाकरी पुढं ठेवली ती तशीच ऱ्हायली. मुरिगेप्पा उठला, धोट्यावरचं सुकलेलं भस्म धोतरानं पुसलं, खड्ड्यात उतरला. मागावर साधा ठिपक्याचा खण चढवलेला होता, गल्लीतलं पोरसोरबी डोळे झाकून विणतं तसला. त्यानं पायपट्टी दाबली.

"आता त्या डब्यावर चादर टाक गं," म्हणाला. "सूत उडतंय."