माझ्या नावाचं पान

पितृपक्षातली नवमी म्हणजे सवाष्ण म्हणून गेलेल्या बाईची. आमच्या घरात अशी कोणी गेलेलीच नाय, म्हणून त्या दिवशी आम्ही कधी पान ठेवलं नव्हतं. यंदा सकाळीच हे ओट्यापाशी आले आणि म्हणाले, आज पान ठेवायचंय, वडे करा, खीर करा. कोणाचं पान, मी विचारलं. तर म्हणाले, माझ्या बायकोचं.

माझ्या हातातली पळी हातातच राहिली.

ह्यांचं विसरणं गेल्या पावसाळ्यापासून वाढलंय. आधी आपल्याच शेताचा बांध विसरले, मग टोकावड्याहून घरी यायची वाट. शहापूरच्या डॉक्टरांनी बजावलंय, वाद घालू नका, त्यांच्या कलानं घ्या. घेतलं बाई कलानं. स्वतःच्या श्राद्धाचे वडे स्वतः तळले. वर हे मलाच सांगतात, वैनी, तिला अळू लय आवडायचं. अळूही चिरलं. मेल्यावरसुद्धा ह्या बाईची सुटका नाय!

पडवीच्या कौलांवर पान ठेवून ह्यांनी हात जोडले. आंब्यावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना, एक ओरडेना. मग हे माझं नाव घेऊन बोलवायला लागले. जन्मभर नुसतं 'अगो' म्हणणारा माणूस, इतक्या मायेनं नाव घेत होता. मी मागे दारातच उभी होते, पण ओ द्यायची भीती वाटली. खरं सांगते, मी मनगटाला चिमटा घेऊन पाहिला.

कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाय. ह्यांच्या रिकाम्या पोटात सकाळची साखरेच्या आजाराची गोळी गेलेली. कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. मी घास पुढे केला तर तोंड फिरवलं.

"तिचा जीव अडकलाय," म्हणाले. "माझं कोण करंल म्हणून."

कावळा शिवेना की घरच्यानं पुढं होऊन गेलेल्याला शब्द द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कौलांकडे बघून हात जोडले.

"ह्यांचं मी करीन. तू जा."

कावळा उतरला. वडा उचलून गेला.

हे निवांत खाली बसले. माझ्या हातून खीर खाल्ली, अंगातली थरथर थांबली. मग माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "वैनी, तुमचा मालक काय बोलणार नाय ना?"

"नाय बोलणार," मी म्हटलं, आणि पुढचा चमचा भरला.