मस्कतला फुटलेला नारळ

बायकोच्या नोकरीसाठी स्वतःची नोकरी सोडणारा पुरुष आमच्या बोईसरात तोवर कुणी पाहिला नव्हता. माझी बायको मंदा नर्स. मस्कतच्या एका दवाखान्यात तिला उत्तम जागा मिळाली आणि मी तारापूरच्या कारखान्यातली अकाउंटंटची खुर्ची सोडली. हिशेब काय, कुठेही हिशेबच. तिकडे मला लगेच काम लागेल, अशी माझी खात्री होती. पण ऑफिसात चेष्टेला नुसता ऊत आला. स्टोअरमधला एकजण रोज म्हणायचा, “साहब, अब भाभीजी कमाएँगी, आप रोटी बेलना!” मी हसण्यावारी न्यायचो, पण आतून भडकायचो. तापट माणूस मी, आणि देवाधर्माशी तर माझं तेव्हा काही घेणंदेणंच नव्हतं.

निघण्याआधी केळव्याला सासुरवाडीला गेलो. सासूबाईंनी शीतलादेवीची ओटी भरली आणि देवळातून परत मिळालेला नारळ माझ्या हातात ठेवला. “जावईबापू, सांबालून न्या. तिकडं तुमाला काम लागलं का फोडा. आदी नाय हां.” वाटेत मी मंदाला म्हटलं, “लोकांना कंपनी नारळ देते, मला सासूनं दिला!” ती काही हसली नाही. तिनं तो नारळ आपल्या साडीत गुंडाळून बॅगेत ठेवला.

मस्कतला मी पाहुण्याच्या व्हिसावर गेलो होतो. मुदतीत नोकरी मिळाली तरच राहता येणार, नाहीतर परत. मी परतलो तर करार संपेपर्यंत मंदा तिथे एकटी. ती माझ्यासोबत आली तर तिच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. बँका झाल्या, व्यापारी पेढ्या झाल्या, बांधकाम कंपन्या झाल्या. त्या उन्हात गळ्यात टाय आवळून मी दारोदार हिंडलो. जिथे जावं तिथे एकच प्रश्न, इथला अनुभव आहे का? अरे बाबांनो, इथं कुणी घेतल्याशिवाय इथला अनुभव येणार कुठून? घरी येऊन मी भात लावायचो. जिन्यात कुणी भेटलं तर खाली मान घालून सटकायचो, कारण परक्या मुलखात आपला माणूस दिसला की लोक पहिलं विचारतात ते हेच, तुम्ही काय करता. आणि घरात देवीच्या तसबिरीपुढे शेंडी राखून बसलेला तो नारळ! तो मला रोज हिणवतोय असं वाटायचं.

शेवटी मुदत संपत आली. एका सुट्टीच्या दुपारी मी परतीचं तिकीट घेऊन घरी आलो. मंदानं ते बघितलं आणि माझी बॅग खाली काढून पुसायला घेतली, आणि तेच मला सोसलं नाही. मी तडक नारळ उचलला आणि ओट्याच्या कडेवर आपटला. खवट निघणार याची मला खात्री होती; इतके दिवस त्या उकाड्यात पडलेला तो. पण आत पाणी होतं. गोड, स्वच्छ पाणी माझ्या मनगटावरून ओघळलं आणि मला एकदम रडू कोसळलं. राग कुठे गेला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी हात जोडले आणि म्हटलं, “आई, माझ्याच्यानं होत नाही आता. तू ठेवशील तसं राहू.”

मंदानं शांतपणे खोबऱ्याचे तुकडे केले, त्यावर साखर घातली आणि ताटली माझ्या हातात दिली. “अहो, प्रसाद एकट्यानं खायचा नसतो. बिल्डिंगभर वाटून या.”

“अगं, मी इथं ओळखतो कुणाला?”

“म्हणूनच म्हणते. एकही दार सोडू नका.”

गेलो. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या दारावर अरबी अक्षरांची पाटी होती. मी वळणारच होतो, पण मंदाचे शब्द आठवले आणि बेल वाजवली. पांढऱ्या दाढीचे, लुंगीतले एक गृहस्थ बाहेर आले. मी चाचरत हिंदीत सांगितलं, की प्रसाद आहे, चालत असेल तर घ्या, पालघरजवळच्या केळव्याचा.

“केलव्याचा? शीतलादेवीच्या?” ते जवळजवळ ओरडलेच. “अवो, आमी चिंचणीचे! आपल्या किनाऱ्याचा नारल हाय हा!” त्यांनी दोन्ही हातांनी तुकडा घेतला आणि दारातच उभ्यानं खाल्ला. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, “तुमी काय करता?”

लपवायला आता उरलं काय होतं? मी सरळ सांगून टाकलं. बायको नर्स आहे, मी तिच्यामागून आलो, अकाउंटंट आहे, काम मिळालं नाही, आता परत चाललोय.

ते हसले नाहीत. कपाळावर हात मारून म्हणाले, “या खुदा! मी एवडे दिवस हिशोबाला मानूस शोदतोय, आनि तुमी माज्या पायाखाली ऱ्हाता?”

बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या पेढीचं हिशेबखातं ते सांभाळत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कामाला बसवून पाहिलं. पेढीची आणि बँकेची शिल्लक काही केल्या जुळत नव्हती. हे तर माझं रोजचं काम! संध्याकाळी दोन्ही जुळवून मी पेन खाली ठेवलं, तेव्हा पेढीच्या मालकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की खुर्ची हलली. माझ्या कामाच्या व्हिसाचे कागद तिथल्या तिथे करायला सांगितले. मी घरी धावतच आलो. तिकीट फाडून टाकणार होतो, पण मंदानं ते हातातून काढून घेतलं. “फाडता काय? परत करा, पैसे मिळतील!” आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडली.

पहिल्या रजेत केळव्याला गेलो. सासूबाई अंगणात विड्याची पानं निवडत बसल्या होत्या. देवीची ओटी भरायला निघण्याआधी मी त्यांना म्हटलं, “आई, एक चुकलं. काम लागायच्या आधीच मी नारळ फोडला.”

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. “काम झाल्याबिगर तो फुटंल कसा, जावईबापू? तुमाला मागाहून कळलं, एवडंच.”

देवळात त्या दिवशी खूप वेळ बसलो. मागायचं काही आठवलंच नाही.