नाताळच्या सकाळी दिलेलं दूध

आमचं बाळ आठ दिवस जगलं. सातव्या महिन्यातच झालेलं, ओंजळीत मावेल एवढं, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. मी दूध काढून सिस्टरकडं द्यायची, ती ते नळीनं थेंबथेंब पाजायची. नवव्या दिवशी सकाळी ती वाटी तशीच परत घेऊन आली. नाताळ पाच दिवसांवर होता.

माती देऊन झाली. गुलमंडीतून आणलेली झबली नवऱ्यानं कुठंतरी लपवून ठेवली. पाळकसाहेब आणि मंडळीतली माणसं प्रार्थना करून गेली. पण बाळ गेलं हे माझ्या अंगाला कुणी सांगितलंच नव्हतं. दर दोन-तीन तासांनी छाती दगडासारखी व्हायची, ब्लाऊज भिजायचा. मी मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची आणि रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडायची.

तशात सिस्टरचा फोन आला. "ताई, राग मानू नका. इथं काही लेकरांच्या आयांना दूधच नाही. तुमचं येत असेल तर..."

मी फोन कापला. माझं जगलं नाही, आणि मी दुसऱ्यांची जगवायची?

सासूबाई लासूर स्टेशनहून आल्या होत्या. त्यांनी मला मोरीत पाहिलं. पाठीवर हात ठेवला. मीच फणकारले, "आई, देवानं आपला पुत्र दिला म्हणून आपण दर नाताळला गातो, करंज्या वाटतो. लेकरू देणं एवढं सोपं असतं?"

"सोपं कुठलं बाई? पुढं काय व्हणार ते त्याला ठावं व्हतं. तरी दिलं. लई माया असल्याबिगर कोण देतंय?"

"माझ्यात नाही तेवढी माया."

"नसू दे. तुला कोण म्हणतंय देव हो?"

नाताळच्या सकाळी नवरा एकटाच उपासनेला गेला. छाती पुन्हा भरून आली. मी मोरीपर्यंत गेले, तिथंच थांबले आणि सासूबाईंना म्हणाले, "दवाखान्यात येता का माझ्याबरोबर?"

सिस्टरनं नाताळच्या शुभेच्छा दिल्या नाहीत, त्याचं मला बरं वाटलं. तिनं फक्त खुर्ची ओढून दिली. दूध काढून झाल्यावर मी विचारलं, "कुणाला जाईल?"

"ते सांगत नाही ताई. ज्याला लागेल त्याला."

बाहेर पायरीवर फुलंब्रीकडची एक कोवळी पोर बसली होती, बाळंतपणाचा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला. तिनं सासूबाईंना विचारलं, "तुमचं लेकरू कसंय?"

"आमचं गेलं बाई. तुझं जगंल."

ती पोर सासूबाईंचा हात धरून रडायला लागली. पाच दिवसांत पहिल्यांदाच मीही नळ न सोडता, चारचौघांत रडले.

जानेवारीत दूध आटलं, तोवर मी रोज जात राहिले. कोणतं लेकरू वाचलं, वाचलं की नाही, मला कधीच कळलं नाही.

यंदाच्या नाताळला आम्ही दोघं चर्चला गेलो. लहानपणापासून नाताळ म्हटलं की मला देवदूतांचं गाणं आठवायचं, मेंढपाळांचा आनंद आठवायचा. ज्यानं आपलं लेकरू दिलं त्याला काय झालं असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. पाळकसाहेब गव्हाणीतल्या बाळाविषयी बोलत होते आणि मी त्याच्या बापाचा विचार करत होते. सगळे गायला उभे राहिले. मला गाता आलं नाही. नवऱ्यालाही नाही. आम्ही शेवटच्या बाकाजवळ नुसते उभे राहिलो.